टँकमध्ये लावलेली झाडं आठवड्याभरात का विरघळतात? 'मेल्ट' होण्यामागचं विज्ञान

शनिवारी संध्याकाळी चिंचवडच्या एका दुकानातून झाडं आणली. हिरवीगार, टवटवीत. रविवारी वाळूत नीट रोवली, लाईट लावला, फोटो काढला, स्टेटसला टाकला. बुधवारी पानांवर काचेसारखे पारदर्शक डाग दिसायला लागले. शुक्रवारी पानाला हात लावला, तर ते शिजलेल्या पालकासारखं बोटाला चिकटून आलं.

दुकानदाराला फोटो पाठवला. उत्तर आलं, "मेल्ट होतंय. थांबा."

हा किस्सा आमच्याच घरचा. बाबा चाकणच्या एका कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी हॉलमध्ये दोन फुटी टँक ठेवला. आयुष्यभर मेंटेनन्समध्ये काम केलेला माणूस. मशीन बंद पडलं की काहीतरी बदलायचं, हे हाताला लागलेलं वळण. त्यामुळे ते थांबले नाहीत. त्यांनी सगळं पाणी बदललं, जास्त वॅटचा लाईट आणला, दुप्पट खत टाकलं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला. पुढच्या आठवड्यात उरलेली झाडंही गेली आणि सोबत दोन मासेही.

बाबांचं नेमकं काय चुकलं? खरंतर त्यांनी जे जे केलं, तेच चुकलं. का, ते समजून घेऊ.

दुकानातलं झाड पाण्यात वाढलेलंच नसतं

फिशटँकसाठी विकली जाणारी बहुतेक झाडं मुळात पूर्ण जलचर नाहीत. नदीकाठ, ओढे, पाणथळ जागा, भातखाचरं ही त्यांची घरं. पावसाळ्यात ती पाण्याखाली जातात आणि पाणी ओसरलं की पुन्हा हवेत येतात. दोन्हीकडे जगायची सोय त्यांच्यात असते.

नर्सरीवाले याचा फायदा घेतात. पाण्याखाली झाड हळू वाढतं, पानांवर शेवाळ बसतं, गोगलगायी लागतात. म्हणून मोठ्या नर्सऱ्यांमध्ये ही झाडं मुळं ओलसर ठेवून, पानं दमट हवेत ठेवून वाढवतात. मावळात गुलाबासाठी पॉलीहाऊस असतात ना, साधारण तसंच, फक्त दमटपणा खूप जास्त. हवेत वाढलेलं झाड लवकर मोठं होतं, दणकट असतं आणि प्रवासात टिकतं.

म्हणजे तुम्ही दुकानातून जे आणता, ते हवेत वाढलेलं झाड असतं आणि घरी आणून तुम्ही ते थेट पाण्यात बुडवता.

जेलीच्या डबीत मिळणाऱ्या टिश्यू कल्चर झाडांचं तर आणखी वेगळं. ती बंद डबीत, साखर घातलेल्या जेलीवर, निर्जंतुक वातावरणात वाढलेली असतात. त्यांना आयतं जेवण मिळत असतं. टिश्यू कल्चर केळीची लागवड करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. प्रयोगशाळेतलं रोप कुणी थेट शेतात लावत नाही. आधी ते शेडनेटमध्ये काही आठवडे ठेवून कणखर केलं जातं, यालाच 'हार्डनिंग' म्हणतात. फिशटँकच्या झाडांच्या बाबतीत हे हार्डनिंग तुमच्या टँकमध्येच होतं आणि मेल्ट होणं हा त्याचाच एक भाग आहे.

हवेतलं पान पाण्यात निकामी का होतं?

झाडाला प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड लागतो. हवेत तो सहज मिळतो. पाण्यात मात्र वायू हवेच्या तुलनेत साधारण दहा हजार पट हळू पसरतात. शिवाय उघड्यावर ठेवलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतोच किती? २५ अंशांच्या आसपास लिटरमागे साधारण अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम. वेगळा सिलिंडर लावून कार्बन डायऑक्साइड सोडणारे हौशी लोक हेच प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. यावरून फरक लक्षात येईल.

आता पान बघा. हवेतल्या पानाला पाणी उडून जाण्याची भीती असते, म्हणून त्यावर मेणासारखा थर असतो. वायूंची ये-जा पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून होते. पान जाडसर असतं आणि स्वतःचं वजन पेलायला त्यात मजबूत तंतू असतात.

पाण्याखाली यातलं काहीच कामाचं नाही. तिथे पाणी उडून जाणार नाही, त्यामुळे मेणाचा थर उलट अडथळा ठरतो. वजन पाणीच पेलतं, त्यामुळे मजबुती फुकट जाते. पाण्याखाली उगवणारं पान म्हणून वेगळं असतं: पातळ, मऊ, अनेकदा अरुंद किंवा झालरीसारखं चिरलेलं, मेणाचा थर नावापुरता. वायू आणि क्षार ते थेट पृष्ठभागातून शोषून घेतं.

याचं मजेदार उदाहरण म्हणजे रोटाला रोटंडिफोलिया हे टँकमधलं लोकप्रिय झाड. 'रोटंडिफोलिया' म्हणजे गोल पानांचं. नाव देणाऱ्यांनी हवेतलं झाड पाहिलं होतं. पाण्याखाली त्याच झाडाला लांबट, अरुंद पानं येतात. नाव आणि रूप जुळतच नाही.

एकाच झाडाला दोन प्रकारची पानं येतात, पण एकदा तयार झालेलं पान आपला प्रकार बदलू शकत नाही. हवेतलं पान पाण्यातलं होत नाही. झाडाला नवीन पानच काढावं लागतं.

मग झाड जुनी पानं सोडून देतं

नवीन पान काढायला नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम लागतं. नवख्या टँकमध्ये, नुकती तुटलेली मुळं घेऊन झाड हे कुठून आणणार? ते जुन्या पानांतून काढून घेतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर साग पानं झाडतो, तेव्हा हेच होतं. पान पडण्याआधी झाड त्यातला कामाचा माल परत खोडात ओढतं आणि मग रिकामं पान सोडून देतं. टँकमधलं झाडही तेच करतं. फरक इतकाच की सागाचं पान वाळून खाली पडतं आणि पाण्यातलं पान जागेवरच कुजतं. म्हणून ते 'विरघळल्यासारखं' दिसतं.

ही खबर झाडाला कोण देतं? त्यात इथिलीन या वायूचा मोठा हात असतो. केळी-आंबे पिकवणारा हाच तो वायू. झाडं तो सतत थोडाथोडा तयार करतात आणि हवेत तो उडून जातो. झाड बुडालं की तो बाहेर पडायला वेळ लागतो आणि पेशींमध्ये साचतो. झाडाच्या दृष्टीने इथिलीन साचणं म्हणजे 'आपण बुडालोय' ही सूचना. तिथून बाकीच्या संप्रेरकांचा तोल बदलतो आणि नवीन पानं पाण्यातल्या घाटाची येऊ लागतात.

त्यात कुरियरचा प्रवास जमेला धरा. दोन-चार दिवस अंधार, ओला कागद, प्लास्टिकची पिशवी. या काळात झाड साठवलेली साखर खात बसतं. घरी पोहोचतं तेव्हा त्याची शिल्लक आधीच संपत आलेली असते.

क्रिप्ट: या मेल्टचं सह्याद्रीशी नातं आहे

सगळ्यात नाट्यमय मेल्ट होतं ते क्रिप्टोकोरिनचं. हौशी लोक त्याला नुसतं 'क्रिप्ट' म्हणतात. दुकानात सर्वाधिक मिळणारी वेंड्टी ही जात मूळची श्रीलंकेची. संध्याकाळी ठणठणीत असलेलं क्रिप्ट दोन-तीन दिवसांत चिखल होऊ शकतं. लोक वैतागून उपटतात आणि कचऱ्यात टाकतात.

पण क्रिप्टचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. रेट्रोस्पायरॅलिस आणि स्पायरॅलिस या जाती पश्चिम घाटात सापडतात. रेट्रोस्पायरॅलिस नदी-ओढ्यांच्या पात्रात, दगडांच्या फटीत मुळं रोवून राहते. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी धो-धो वाहतं. पाणी उतरलं की झाड उघड्यावर येतं आणि मग त्याला फुलं येतात. असं आयुष्य जगणाऱ्या झाडासाठी पान ही खर्चाची बाब असते. भांडवल असतं मातीतलं खोड आणि मुळं. परिस्थिती एकदम बदलली की पानं सोडायची, खोड जपायचं आणि बेत जमला की पुन्हा फुटायचं.

म्हणून पानं गेलेलं क्रिप्ट बहुतेक वेळा मेलेलं नसतं. ते वाळूखाली वाट बघत असतं.

जुनी, रुळलेली झाडं अचानक का सडतात?

मेल्ट फक्त नवीन झाडांचंच होतं असं नाही. सहा महिने मस्त वाढलेली झाडंही एका आठवड्यात बसतात. इथे कारण असतं बदलाचा वेग. आणि पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात राहणाऱ्यांकडे अशा बदलांची कमी नाही.

*पाणी.* शहराला मुख्य पाणी मिळतं पवना धरणातून. ते रावेतच्या बंधाऱ्यातून उचललं जातं आणि निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध होतं. मावळातल्या पावसाचं हे पाणी तसं मऊ. पण नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी येतं आणि उन्हाळ्यात अनेक सोसायट्या टँकर किंवा बोअरवर येतात. दख्खनच्या काळ्या कातळातून मुरलेलं बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट जास्त असतात. म्हणजे मार्चमध्ये तुमच्या टँकमध्ये एक पाणी आणि एप्रिलमध्ये भलतंच. नळ तोच, झाडाच्या दृष्टीने मात्र गाव बदललं. क्रिप्ट आणि व्हॅलिस्नेरिया असा धक्का लगेच दाखवतात.

*लाईट.* घरातला माणूस शिफ्टमध्ये असेल तर टँकचा लाईटही शिफ्टमध्ये जातो. फर्स्ट शिफ्टला सकाळी सहाला लागतो, नाईटच्या आठवड्यात दुपारपर्यंत बंदच. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर तेवढे तास अंधार. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही. पण दर आठवड्याला वेगळं वेळापत्रक आलं की झाडाचा हिशेब चुकत राहतो. याउलट, मंद उजेडात वाढलेल्या पानावर एकदम दुप्पट उजेड पाडला तर त्याला तो वापरता येत नाही आणि जास्तीच्या ऊर्जेने पानाची यंत्रणाच खराब होते.

*कार्बन डायऑक्साइड.* सिलिंडर संपला आणि आठवडाभर भरून आणला नाही, तर भरपूर खायची सवय लागलेलं झाड एकदम उपाशी पडतं. कमी कार्बनवर जगायचं तर पानातली यंत्रणा नव्याने उभी करावी लागते. तोपर्यंत जुन्या पानांचा बळी जातो.

*तापमान.* एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतल्या टँकचं पाणी तिशीपार जाऊ शकतं. गरम पाण्यात वायू कमी विरघळतात आणि झाडाचा श्वसनाचा खर्च मात्र वाढतो. कमाई तेवढीच, खर्च जास्त.

चारही ठिकाणी गोष्ट एकच आहे. झाड वाईट परिस्थितीत मरतं असं नाही. अनेकदा ते बऱ्यावाईट कुठल्याही परिस्थितीशी जुळवून घेतं, पण एकदम झालेल्या बदलाची किंमत पानांनी चुकवतं. परिस्थिती चांगली झाली तरी ही किंमत द्यावी लागते. बाबांनी आणलेला भारी लाईट म्हणूनच कामाला आला नाही.

मासे का मेले?

कुजणाऱ्या पानांतून अमोनिया निघतो. टँकच्या फिल्टरमध्ये राहणारे जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीवाणू स्पंजवरच राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते टाकलंच जातं जीवाणू मारायला. स्पंज नळाखाली धुतला की टँकची सफाई टोळी गारद.

त्यात पाणी जड आणि अल्कधर्मी असेल तर धोका वाढतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बराच सौम्य. २५ अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर विषारी रूप एक टक्क्याहूनही कमी असतं. सामू ८ झाला की तेच पाच टक्क्यांच्या वर जातं. झाडं सडत असताना बोअरच्या पाण्याने टँक भरणं म्हणजे हे सगळं एकाच दिवशी जुळवून आणणं. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं.

मेल्ट आहे की खरंच कुजतंय?

हे ओळखायला बोट पुरेसं आहे.

- झाडाचा बुंधा किंवा आडवं खोड हळूच दाबून बघा. कडक लागलं तर झाड जिवंत आहे, पानं गेली तरी.
- खोड मऊ, तपकिरी आणि उग्र वासाचं असेल तर ती कुज आहे. तेवढा भाग कापून टाका.
- अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड वाळूत पुरलं असेल तर ते कुजणारच. ही झाडं दगडाला किंवा लाकडाला बांधायची असतात. हा मेल्ट नाही, लावण्यातली चूक आहे.
- जुनी पानं जात आहेत, पण मधून वेगळ्या आकाराचं कोवळं पान येतंय? मग सगळं ठीक चाललंय.

मग करायचं काय?

१. लावण्याआधीच हवेतली मोठी पानं थोडी कापून टाका. ती जाणारच आहेत, पाण्यात कुजण्यापेक्षा आधी गेलेली बरी. कोवळा शेंडा आणि एक-दोन पानं ठेवा.

२. सडलेली पानं रोज काढा. झाड उपटू नका, जागा बदलू नका. प्रत्येक वेळी उपटलं की नवीन मुळं तुटतात.

३. पाणी एका वेळी १५ ते २० टक्केच बदला. दिवसाआड येणारं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा किंवा क्लोरीन घालवणारं औषध वापरा. टँकरच्या पाण्यावर जायचं असेल तर जुन्या पाण्यात थोडंथोडं मिसळत जा. साधा टीडीएस मीटर असेल तर आधी दोन्ही पाणी मोजून घ्या.

४. लाईटला टायमर लावा. सुरुवातीला सहा-सात तास पुरेत. शिफ्ट कुठलीही असो, टँकची पाळी एकच ठेवा.

५. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

६. मेल्ट चालू असताना नवीन मासे आणू नका आणि आहेत त्यांना खाणं कमी घाला.

७. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा. क्रिप्टला तीन-चार आठवडे द्या.

हाच प्रश्न भातशेतीलाही पडतो

तुम्ही म्हणाल, हौसेच्या टँकसाठी एवढं कशाला? पण रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते आधी पिवळं पडतं, हे मावळातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. इंद्रायणी तांदूळ ज्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिला, त्या परिसरात दर जुलैला हे दिसतं. लावणीनंतर खाचर काही दिवस मलूल दिसतं. मग मुळं धरतात आणि शेत हिरवं होतं. त्या दिवसांत कुणी रोपं उपटून बघत नाही.

भात पूर्ण बुडाला तर काय होतं, यावर तर मोठं संशोधन झालंय. नेहमीचं भाताचं रोप बुडालं की इथिलीन साचतं आणि रोप श्वास घ्यायला वर येण्यासाठी भराभर उंच होतं. त्यात सगळी साखर संपते आणि पाणी ओसरलं की ते कोसळतं. ओडिशातल्या एका पारंपरिक वाणात मात्र 'सब-१ए' नावाचं जनुक सापडलं. तेही इथिलीनच्याच इशाऱ्यावर जागं होतं, पण वाढ थांबवतं आणि रोप साखर राखून गप्प बसतं. हा गुण स्वर्णा या लोकप्रिय भातात आणला गेला. 'स्वर्णा-सब१' हा वाण भारतात २००९ मध्ये आला आणि तो साधारण दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा फुटू शकतो.

म्हणजे पूर आल्यावर कधी धडपडायचं आणि कधी गप्प राहायचं, यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. तुमच्या टँकमधलं क्रिप्ट त्याच प्रश्नाचं आपलं उत्तर देत असतं.

आणि फेकताना एक लक्षात ठेवा

वैतागून काढलेली झाडं नदीत किंवा नाल्यात टाकू नका. जे टँकमध्ये मेल्यासारखं दिसतं, ते खोडातून पुन्हा फुटतं, हे आत्ताच पाहिलं. पवना, इंद्रायणी आणि मुळा नदीवर दरवर्षी पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. सुंदर फुलांसाठी लोकांनीच ती जगभर नेली. कबोंबा हे टँकमधलं नेहमीचं झाड केरळातल्या पाणवठ्यांत पसरलेलं आहे. नको असलेलं झाड उन्हात कडकडीत वाळवा आणि मग ओल्या कचऱ्यात टाका.

आमच्या टँकचं पुढे काय झालं? बाबांनी जुना लाईट परत लावला, टायमर बसवला आणि आईने त्यांना महिनाभर टँकमध्ये हात घालायला बंदी केली. पंचविसाव्या दिवशी सकाळी बाबांनी हाक मारली. रिकाम्या वाळूतून नखाएवढं तपकिरी-हिरवं पान वर आलं होतं. दुकानातल्या पानापेक्षा अरुंद आणि मऊ.

आता त्याला पाच पानं आहेत. बाबा रोज मोजतात, पण हात लावत नाहीत.